पिल्लांचे बूड चिकटल्यास घरच्या घरी करावयाचे उपचार
(परसातील कुक्कुटपालन प्रशिक्षण वर्गातील भाषण)



गिरिराज, वनराजा किंवा आपल्या गावरान कोंबडीची एक दिवसाची पन्नास पिल्ले आणली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांतली काही पंख पाडून, डोळे मिटून बाजूला उभी राहिलेली दिसतात. असे पिल्लू हातात घेऊन शेपटीखाली पाहा. विष्ठा वाळून तिचा गोळा लवेला चिकटलेला असेल, तर पिल्लाचा मागचा मार्ग बंद झालेला असतो. तो तसाच राहिला तर पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते. वेळीच मोकळा केला तर बरीच पिल्ले वाचतात आणि त्यासाठी लागणारे सारे सामान आपल्या घरात असते.

गोळा कोरडा असताना कधीही ओढू नका. त्याबरोबर लव उपटते, कातडी फाटते आणि रक्त दिसले की बाकीची पिल्ले तेथेच टोचू लागतात. वाटीत कोमट पाणी घ्या. आपल्या मनगटावर घालून पाहा, चटका बसता कामा नये. कापसाचा बोळा त्यात भिजवून गोळ्यावर एक-दोन मिनिटे धरा. गोळा मऊ झाला की हलक्या हाताने पुसून काढा. एकदा निघाला नाही तर पुन्हा भिजवा. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे. घरात शांत हाताची आजी असेल तर तिच्याकडे सोपवावे. पिल्लू सबंध पाण्यात बुडवू नये. साफ झाल्यावर मऊ फडक्याने टिपून, पूर्ण कोरडे होईपर्यंत उबेत वेगळे ठेवावे, कारण ओले पिल्लू गारठून मरते. शेवटी खोबरेल तेलाचे किंवा व्हॅसलीनचे पुसटसे बोट लावावे. प्रत्येक पिल्लाला नवा बोळा व ताजे पाणी घ्या. नंतर साबणाने हात धुवा. कोंबड्यांच्या विष्ठेतील काही जंतू माणसालाही बाधतात, तेव्हा स्वयंपाकाची वाटी यासाठी वापरू नका.

एक गोष्ट मात्र नीट ओळखा. विष्ठाद्वार शेपटीच्या लगेच खाली असते. त्याहून खाली, पोटाच्या बाजूला, बेंबी असते. तेथे पहिल्या काही दिवसांत काळसर खपली किंवा वाळलेला दोरा दिसतो. ती घाण समजून ओढल्यास जखम होऊन पिल्लू मरते. ती आपोआप गळून पडते.

आता मुख्य मुद्दा. एखाद-दुसऱ्या पिल्लाचे बूड चिकटले तर ते प्रवासाच्या ताणाने असेल. पण रोज पाच-सहा पिल्ले धुवावी लागत असतील, तर आधी दिव्याकडे पाहा. पिल्ले गारठली किंवा तापली की पचन बिघडते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ५ अंशांनी कमी करावी. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असली तर ऊब कमी, चोची उघड्या टाकून कडेला पळाली तर जास्त, सारखी पसरून खात-पीत असली तर बरोबर. हल्ली ब्रूडरमध्ये घरातला एलईडी दिवा लावलेला दिसतो. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पूर्वीचा तारेचा पिवळा बल्ब किंवा खास उष्णता देणारा दिवाच लावा आणि तो जाळीने पक्का बांधा. भाताच्या तुसाची गादी कोरडी ठेवा.

पिल्ले आल्याबरोबर आधी स्वच्छ, किंचित कोमट पाणी पाजा. त्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट पावडर चालते. पाणी प्यायल्यावर काही वेळाने कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, मग पिल्लांचे खाद्य सुरू करा. घरातले खारट उरलेले अन्न घालू नका. जादा मिठाने हगवण लागते.

काही दुखणी मात्र घरगुती उपचारात बसत नाहीत. बेंबी ओली, सुजलेली, दुर्गंधी येणारी असेल तर तो बेंबीचा दाह होय. चुन्यासारखी पांढरी हगवण, विष्ठा टाकताना ओरडणे आणि रोज वाढणारी मरतूक ही साल्मोनेला जंतूंच्या रोगाची खूण असू शकते. दोन-तीन आठवड्यांनंतर विष्ठेत रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. अशा वेळी दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे, शिवाय जंतूंना त्या औषधाची सवय लागते. आजारी पिल्ले वेगळी करा. नुकतेच मेलेले एक-दोन पक्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, भोवती बर्फ ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पिल्ले कोठून आणली, वय किती, रोज किती मेली आणि खाद्य कोणते, हे कागदावर लिहून सोबत द्या. बाकीची मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.