पारपत्रात नसलेली लस

परदेशी निघालेल्या माणसाजवळ कागद फार असतात. दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या नोकरीनिमित्त केनियाला निघाला, तेव्हा आपले सारे कागद त्याने माझ्यापुढे आणून ठेवले. मी पडलो सरकारी नोकर. कागद तपासण्यात माझी हयात गेली. पारपत्र, प्रवेशपरवाना, तिकीट आणि पीतज्वराची लस टोचून घेतल्याची ती पिवळी पुस्तिका, सारे चोख होते. मी सहज विचारले, "काविळीच्या लसीचे काय?" तो हसून म्हणाला, "काका, पिवळ्या तापाची लस घेतली आहे की! आता आणखी कावीळ ती कसली?" वाद कशाला घालायचा, म्हणून मी गप्प बसलो. तीन महिन्यांनी तो परतला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे पिवळे झाले. पुढले दीड महिने त्याने अंथरुणात काढले. माझे ते गप्प बसणे मला अजूनही बोचते, आणि म्हणूनच आज हा विषय आपल्यापुढे मांडत आहे.

पीतज्वर आणि कावीळ यांचा रंग एक, पण जात निराळी. पीतज्वर डासांमुळे पसरतो. कावीळ हा तर मुळात रोगच नव्हे. यकृत बिघडल्याची ती खूण आहे. यकृत बिघडवणाऱ्या विषाणूंपैकी 'ए' आणि 'ई' हे दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. 'बी' हा रक्तातून व शरीरसंबंधातून शिरतो. न उकळलेली सुई, दुसऱ्यावर वापरलेला वस्तरा, गोंदवण्याची अवजारे ही त्याची वाहने. पीतज्वराची लस यांपैकी एकालाही अडवीत नाही.

मग सरकार एकाच लसीचा दाखला का मागते? पीतज्वर पसरवणारा डास आपल्या देशात आहे, पण तो रोग नाही. एका प्रवाशाने तो आणला, तर साऱ्या देशाला धोका. तो दाखला प्रवाशाइतकाच देशाच्या रक्षणासाठी आहे. आपल्या यकृताची काळजी मात्र कोणतीही कचेरी वाहत नाही. ती ज्याची त्यानेच वाहायची असते.

पुतण्या आजारी पडला तेव्हा माझे थोरले बंधू म्हणाले, "आम्ही लहानपणी ओढ्याचे पाणी प्यालो, आम्हांला कुठे काय झाले?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, पण अर्धेच. 'ए' विषाणू लहान वयात शिरला, तर पुष्कळदा डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत आणि जन्मभराचे संरक्षण मिळून जाते. वय वाढते तसा हाच आजार कडक होतो. माझा पुतण्या शहरात, गाळलेल्या पाण्यावर वाढला. त्याच्या शरीराला या शत्रूची ओळखच नव्हती. हा स्वच्छतेचा दोष नव्हे. पण जे संरक्षण पूर्वी नकळत मिळे, ते आता लसीने मिळवावे लागते, एवढाच याचा अर्थ.

हे मिळवणे कठीण नाही. 'ए'ची निष्क्रिय विषाणूंची लस प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी टोचून घ्यावी. सहा महिन्यांनंतर दुसरी मात्रा घेतली की संरक्षण दीर्घकाळ टिकते. 'बी'च्या लसीच्या नेहमीच्या क्रमात तीन मात्रा असतात: पहिली, महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी. म्हणजे तयारी तिकिटाच्याही आधी सुरू व्हावी. दिवस थोडे उरले असतील, तर जलद क्रमही आहे. तो डॉक्टरांनी ठरवावा. २०११ पासून देशभरच्या बालकांना 'बी'ची लस सरकारी कार्यक्रमातून मिळते. माझ्या पिढीला ती बालपणी मिळालेली नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आणि 'ई'? त्यासाठी दिल्लीची हकिकत सांगतो. १९५५ साली यमुनेच्या पुरानंतर प्रवाह बदलला आणि वझिराबाद येथे, जिथून शहराचे पाणी उचलले जाई, तिथे नाल्याचा मैला येऊन मिसळला. क्लोरीन वाढवले गेले. विषमज्वर फैलावला नाही, परंतु काविळीने सुमारे २९,००० माणसे आजारी पडली. गर्भवती स्त्रियांचे मृत्यू विशेष झाले. पुढे १९८० साली, त्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले गेले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञही होते. ही कावीळ 'ए'ची नव्हे आणि 'बी'चीही नव्हे, असे दिसून आले. तोच आजचा 'ई'. त्याच्यावर चीनने २०११ साली एक लस मान्य केली. पण आपल्याकडे ती सर्रास मिळत नाही. म्हणून टोचून घेतलेल्या प्रवाशानेही पाणी उकळूनच प्यावे, बर्फ आणि चिरून ठेवलेली फळे टाळावी. घरातील स्त्री गर्भवती असेल, तर प्रवासाची गरज दोनदा तपासावी. त्यासाठी परदेशीच जायला हवे असे नाही. आपल्याच देशातील यात्रेलाही हा नियम लागू आहे.

गेल्या महिन्यात पुतण्या पुन्हा बाहेर निघाला. या वेळी कागद दाखवताना तो म्हणाला, "काका, एक कागद जास्त आहे." 'ए' आणि 'बी' या दोन्ही लसी घेतल्याची ती नोंद होती. विमानतळावर तो कागद त्याच्याकडे कोणीही मागितला नाही.