चेंबर उतरवताना

रांजणगाव म्हटलं की आधी महागणपती आठवतो आणि मग औद्योगिक वसाहत. या वसाहतीतून २००९ साली फियाटच्या लिनिआ व पुन्टो या मोटारी बाहेर पडल्या. पण आपल्याकडे ज्या गाडीला लोक नुसतं ‘फियाट’ म्हणत, ती इथली नव्हे. ती मुंबईला कुर्ल्यात प्रीमियर कंपनीनं बांधली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचं. तिचं उत्पादन थांबूनही दोन तपं उलटली, म्हणून जिच्या दारात ती अजून उभी आहे, त्या घराला तिचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, जपलंच पाहिजे.

चेंबर कशाला उतरवायचं? तेल गळतं म्हणून, किंवा खाली दगड लागून पोचा आला म्हणून. पण आधी एक गोष्ट. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये. जॅक सरकला तर माणूस उरत नाही! मागच्या चाकांना दगड लावा, सपाट जमिनीवर मजबूत घोड्या द्या, गाडी हलवून पाहा, मगच खाली जा.

इंजिन कोमट असताना तेल काढावं. गार तेल तळाशी गाळ ठेवून जातं. मग कडेचे बोल्ट सोडा, पण समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर चेंबर तोंडावर यायचं. पॅकिंग चिकटलं असेल तर पातळ पत्ती हळूहळू सरकवा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायची घाई अनेक मेस्त्री करतात. कड वाकते, आणि नव्या पॅकिंगनंतरही थेंब पडतच राहतो. सुटूनही भांडं अडलं तर ओढू नका. आत तेलपंपाची जाळी असते.

आता तळाचा गाळ बोटांत घेऊन पाहा. नुसता काळा असेल तर काळजी नाही. चमचमता चुरा दिसला तर बेअरिंगची झीज झाली असं समजा. तेव्हा चेंबर पुसून परत बसवणं म्हणजे दुखणं झाकणं होय.

जाळी धुवा, कड लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ करा. बोल्ट आवळताना मधल्यापासून टोकांकडे, थोडेथोडे आणि आलटूनपालटून. जोर लावला तर कॉर्कचं पॅकिंग चिरडतं. नवं तेल भरून इंजिन सुरू करा आणि तेलदाबाचा दिवा विझतो का, हे पाहा. आणि ते काढलेलं तेल? ओढ्यात ओतू नका हो, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या.