निर्मल वारी : सेवेची वाटणी



आषाढी वारीचे वर्णन करताना लेखणी सहसा टाळ-मृदंग, पताका आणि तुळशीवृंदावने यांपाशी रमते. ते स्वाभाविकच आहे. परंतु देहू आणि आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांसमवेत लाखो माणसे अठरा-वीस दिवस चालतात, रोज नव्या गावी मुक्काम करतात आणि रोज पहाटे त्यांना शौचाला जावे लागते, हाही वारीचाच भाग आहे. यवत, वाल्हे, तरडगाव, बोरगाव अशा गावांत एका रात्रीत गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे उतरतात. दिवस पावसाळ्याचे असतात. शिवारात पडलेला मैला पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यात जातो, ओढ्यातून विहिरीत झिरपतो. दिंड्या पुढच्या मुक्कामी गेलेल्या असतात आणि मागे राहिलेल्या गावाच्या वाट्याला हगवण आणि कावीळ येते. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची साथ पसरल्याच्या नोंदी सरकारदप्तरी आहेत. तेव्हाच्या परकीय शासनाला त्यात यात्रेकरूंचा दोष दिसला. पाण्याची आणि शौचाची व्यवस्था हे आपले कर्तव्य आहे, असे त्याला फारसे वाटले नाही.

आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. यात्रेनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातील मैला इतकी वर्षे कोण उचलत होते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच ते उच्चारले जात नसे. ज्या वाळवंटात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्याच वाळवंटात पिढ्यान्पिढ्या एका विशिष्ट समाजातील बंधुभगिनींनी हाताने घाण उचलली. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा ठरला म्हणून २०१३ साली दुसरा झाला. तरीही २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला पंढरपूरच्या प्रश्नात लक्ष घालून शौचालयांच्या सोयीविषयी शासनाला आणि नगरपालिकेला निर्देश द्यावे लागले. हे काम न्यायालयाने सांगावे लागले, यात हिंदू समाजाला भूषण वाटण्यासारखे काही नाही. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन आयुष्यभर हेच सांगितले. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारून त्यांनी उपेक्षित यात्रेकरूंच्या निवाऱ्याची सोयही केली. बाबांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यातून अनेक गावे पालटली. वारीचा प्रश्न मात्र वेगळा होता, कारण येथे गावच रोज चालत असते.

या पार्श्वभूमीवर २०१५ पासून ‘निर्मल वारी’चे काम उभे राहिले. संघाचे स्वयंसेवक आणि सेवा सहयोग संस्था यांनी पुढाकार घेतला. शासन, ग्रामपंचायती, दिंडीप्रमुख, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि देणगीदार हळूहळू जोडले गेले. या भागीदारीचे मर्म कामाच्या वाटणीत आहे. जागा ग्रामपंचायत दाखविते, पाण्याचे टँकर प्रशासन पाठविते, फिरत्या शौचालयांचे भाडे शासनाच्या निधीतून वा देणगीतून भागते. पहाटे तीन-साडेतीनला, पाऊस असो वा चिखल, रस्त्यावर उभे राहून “माउली, इकडे या” असे हात जोडून सांगण्याचे काम मात्र कार्यकर्त्याचे. पैशाने पेटी मिळते. जन्मभर उघड्यावर गेलेला सत्तर वर्षांचा वारकरी तिच्यात जावा, हे पैशाने साधत नाही. त्याच्या मनात कोंडमाऱ्याची भीती असते आणि रांगेत उभे राहण्याचा संकोचही असतो. तेथे दिंडीच्या महाराजांनी आदल्या रात्री कीर्तनात काढलेला एक शब्द शंभर फलकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. मायभगिनींना समजवावे लागत नाही. अंधाराची वाट पाहत पोट आवळून दिवस काढणे म्हणजे काय, हे त्यांना सांगण्याची गरज नसते. त्यांच्यासाठी दिव्याची आणि वेगळ्या रांगेची सोय केली की पुरते.

येथे थोडे कटू बोलणे आवश्यक आहे. देणगीदाराला पेटीवर नाव घालायला आवडते, मैला उपसणाऱ्या गाडीवर नाही. वास्तविक फिरत्या शौचालयाखालची टाकी काही तासांत भरते. ती वेळेवर उपसली नाही तर दुर्गंधीमुळे पुढचा वारकरी पुन्हा शेताकडे वळतो. उपसलेला मैला कोठे रिकामा करायचा, हे आधी ठरले नसेल तर गाडी पुढच्या ओढ्याच्या काठी रिकामी होण्याचा धोका असतो, आणि मग शौचालयांची संख्या कितीही मोठी असली तरी ती केवळ वृत्तपत्रांपुरती. म्हणून नियोजनाच्या बैठकीत पहिला प्रश्न गाड्यांचा आणि मैला जिरविण्याच्या जागेचा असावा. पेट्या किती, हे त्यानंतर. टाकी उपसताना सफाई कामगारास आत उतरावे लागणार नाही आणि हातमोजे, गमबूट यांवाचून कोणी काम करणार नाही, याची हमी कंत्राटात लिहून घेतली पाहिजे. समरसतेची भाषा या कलमापाशी तपासली जाते.

मुक्कामाच्या गावी एका रात्रीसाठी कायमची सार्वजनिक शौचालये बांधावीत, अशी सूचना वारंवार येते. पाण्याची आणि राखणीची कायम तजवीज नसेल, तर वर्षाचे उरलेले दिवस त्यांना कुलूप राहते आणि पुढच्या आषाढीला दारेही जागेवर नसतात. त्यापेक्षा स्वच्छ भारत अभियानामुळे २०१४ नंतर घरोघरी जी शौचालये झाली, ती त्या रात्री वारकऱ्यांसाठी उघडावीत. आलटून-पालटून वापरावयाचे दोन शोषखड्डे असतील तर एका रात्रीच्या वाढीव वापराने फारसे बिघडत नाही. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवला की मैल्याचे खत होते आणि कोणाला मैला हाताळावा लागत नाही. भाकरी आणि पिठले देणारा गावकरी शौचालयाचे दार उघडायला मात्र कचरतो, कारण तेथे पाणी त्याला स्वतः भरावे लागते. टँकरचे पाणी आळीतील पिंपांपर्यंत आदल्या संध्याकाळी पोहोचले तर ही अडचण उरत नाही. पालखी हलल्यावर त्याच दिवशी विहिरींत टीसीएल पावडर टाकणे, खड्डे बुजविणे आणि पाण्याचे नमुने तपासणीस पाठविणे, ही कामेही कोणत्या गावात कोण करणार, हे ज्येष्ठातच नावानिशी लिहून ठेवावे.