पुरावर जगणारी वनस्पती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कातळाकडे किंवा जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीकडे नीट पाहिलेत, तर दगडाला चिकटून पसरलेले हिरवे पापुद्रे दिसतात. आपण त्यांना सरसकट शेवाळ म्हणतो. त्यांतले काही शेवाळ नसून लिव्हरवर्ट असतात. मराठी वनस्पतिशास्त्रात त्यांना यकृतका म्हणतात, कारण काहींचा आकार यकृतासारखा असतो. त्यांना फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांनी रिक्सिया आणि मार्केन्शियाच्या आकृत्या काढलेल्या असतात आणि परीक्षा संपताच ही नावे विसरलेली असतात. मीही त्याला अपवाद नव्हतो.

आज ज्या यकृतकेविषयी बोलणार आहे, ती मात्र आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर दाट पावसाळी जंगल आहे. त्यातून टोपो नावाची नदी धावते. १८५७ साली रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पायी बान्योस गावाकडे निघाला असताना या नदीने त्याला अडवले. नदीला पूर, जवळचे अन्न संपत आलेले, बरोबरची माणसे कुरकुरणारी. शेवटी बांबूंचा पूल करून मंडळी पार झाली. सामानाच्या पेट्या मागे ठेवाव्या लागल्या, त्या नंतर आणवल्या. या प्रवासात पाऊस, पूर आणि कुरकुर यांनी जीव नकोसा झाला की एखादे साधे शेवाळ पाहत आपण सारे विसरत असू, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

याच नदीकाठच्या झुडपांवर त्याला एक गडद हिरवी यकृतका मिळाली. तिचे नाव त्याने ‘मिरिओकोलिया इरोराटा’ ठेवले. मिरिओकोलिया म्हणजे असंख्य कोष असलेली, आणि इरोराटा म्हणजे दवाने शिंपडलेली. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण नावातच अर्धे चित्र आहे.

या स्प्रूसचा आपल्याशीही संबंध आहे. १८६० साली त्याने इक्वेडोरमध्येच तांबड्या सालीच्या सिंकोनाचे बी आणि रोपे जमवली. ती भारतात आली आणि निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. पुढे हिवतापावरच्या क्विनाइनच्या पुड्या आपल्याकडे टपाल कचेरीतही मिळू लागल्या. लाखोंच्या उपयोगी पडलेले झाड हाताळणारा हा माणूस, पण त्याचा खरा जीव यकृतकांवर. प्रकृती ढासळलेली असताना यॉर्कशायरमधल्या छोट्या घरात बसून त्याने अ‍ॅमेझॉन आणि अँडीजमधल्या यकृतकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला; तो १८८४-८५ मध्ये निघाला. यांचा माणसाला काही उपयोग नाही हे त्याला मान्य होते. त्या स्वतःसाठी आहेत आणि सुंदर आहेत, एवढे कारण त्याला पुरेसे वाटे. मला तर हा युक्तिवाद औषधी गुणधर्मांच्या याद्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

त्यानंतर ही वनस्पती जणू नाहीशीच झाली. २००२ साली संशोधक पुन्हा टोपोच्या काठी गेले, तेव्हा ती तिथेच होती. पुढे २०१२ मध्ये तिच्या डीएनएवरून कळले की ती स्वतंत्र प्रजातीची नसून ‘कोलुरा’ या प्रजातीतली आहे. कोलुराच्या पानांना टोकाशी पाणी साठवणारी इवलीशी पिशवी असते. हिला ती नाही, म्हणून तर इतकी वर्षे कुणाला नाते ओळखू आले नाही.

तिचे राहणे मोठे विचित्र आहे. नदीच्या पात्रालगत, खडकांमध्ये कुफिया नावाची झुडपे वाढतात. पूर आला की ती पाण्याखाली जातात, ओसरला की पुन्हा उभी. या झुडपांच्या फांद्यांवर ही यकृतका राहते. वर जंगलात ती नाही आणि खाली पाण्यात नाही. पूर जिथवर चढतो तेवढ्या अरुंद पट्ट्यातच ती आहे. 

म्हणून जंगलतोड हा तिच्यापुढचा एकच धोका नाही. काठावरची झाडे तोडून कुरणे आणि फळशेती झाली की सावली आणि दमटपणा जातो, हे खरेच. पण टोपोवर जलविद्युत प्रकल्पाची आखणी झाली, तेव्हा अभ्यासकांना खरी चिंता वाटली ती पाण्याची. अशा प्रकल्पात बंधारा घालून पाणी बोगद्यात वळवतात आणि खाली वीजघरापाशी परत सोडतात. मधल्या टप्प्यात पात्र उरते, नदी उरत नाही. धरणाखालच्या उन्हाळ्यातल्या नद्या पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. मोठा पूर बंधाऱ्यावरून जाईलही. पण रोजची चढउतार थांबली, तुषार थांबले, तर फांद्या वाळतात. आणि पूर चढेनासा झाला की दुसरी झाडेझुडपे खाली सरकून कुफियाची जागा घेऊ शकतात.

इक्वेडोरलाही वीज हवीच आहे. तिथल्या खेड्यातल्या माणसाला शेवाळासाठी अंधारात बसा, असे मी म्हणणार नाही. त्या खोऱ्यात एकोमिंगा या संस्थेने जंगलाचे तुकडे विकत घेऊन राखले आहेत. संस्थापकांपैकी एक असलेले लू जोस्ट या यकृतकेच्या अभ्यासातही सहभागी होते. पण जमिनीच्या खरेदीखतात नदीचे पाणी येत नाही. बंधाऱ्याखाली किती पाणी वाहते ठेवायचे आणि ते कोणत्या महिन्यात चढू द्यायचे, हे ठरवणाऱ्यांनी आधी काठाने चालत जाऊन ही झुडपे मोजायला हवीत.