रस्ता सायकलवाल्याचाही आहे



जालन्याच्या लोखंडी सळया देशभर जातात. त्या सळया बनवणारा कामगार सायकलवर एमआयडीसीकडे निघाला की मागून आपण मोटारसायकलचा हॉर्न दाबतो, ‘बाजूला हो!’ म्हणतो. बाजूला म्हणजे कुठे? कडेला खडी, खड्डे, उभे ट्रक. म्हणून तो मध्ये येतो, हौसेनं नाही.

समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे. शहरातल्या रस्त्यावर तिचा हक्क आपल्या गाडीइतकाच आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. धडक देऊन वाहन पळालं आणि सापडलं नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय योजनेत मृताच्या वारसांना २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मोहल्ल्यात कुणावर वेळ आली तर अर्ज भरायला सोबत जा. जखमीला दवाखान्यात नेताना घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू हटवणं ही नेकी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कधी कधी तो त्रास आपणच असतो. गाडी हळू करा, सायकलपासून दोन हात लांबून जा.