अडीच वर्षांची नर्सरी: घाई नक्की कोणाला?

आज कोडिंग नाही, शाळाप्रवेश. पण यातही एक एज केस आहे: ३१ डिसेंबर.

माझी भाची २० डिसेंबर २०२२ची. ताई-जिजू इथेच बेटेगावात राहतात. बिल्डिंगमधली तिच्या बरोबरीची पोरं जून २०२५ला बोईसरला नर्सरीत चाललीत, व्हॅनसुद्धा ठरली. ताई म्हणते, "हिलाही घालू का रे? नाहीतर वर्ष वाया जाईल."

आधी नियम बघू. नर्सरीला तीन वर्षं, पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. २०२०मध्ये राज्य सरकारने त्यासाठीची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबर केली. त्यामुळे भाची नियमात बसते. पण शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा ती अडीच वर्षांचीच असेल, आणि पहिलीत साडेपाचची. लक्षात घ्या, हे किमान वय आहे. याच वर्षी घाला, अशी सक्ती नाही.

केंद्रीय विद्यालयाचा हिशोब वेगळा. तिथे पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. म्हणजे भाचीला तिथे २०२९लाच प्रवेश मिळेल. आत्ता घाई करून उपयोग शून्य.

पण सगळ्यांनाच थांबता येत नाही हं! आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी कमाल वयही असतं. नर्सरीला ३१ डिसेंबरला चार वर्षं, पाच महिने, तीस दिवस. भाची २०२६च्या शेवटी चार वर्षं अकरा दिवसांची असेल, म्हणजे चालेल. पण मे २०२२चं मूल तेव्हा साडेचार ओलांडतं. थोडक्यात, जुलै ते डिसेंबरवाल्यांना दोन संधी, जानेवारी ते जूनवाल्यांना एकच. आरटीईचा फॉर्म भरणार असाल तर उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाला थांबवू नका. आणि त्या वर्षीचं परिपत्रक नक्की वाचा.

वर्गातली सगळ्यात लहान मुलं सुरुवातीला मागे पडतात, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. पुढे हा फरक कमी होत जातो. पण त्या सुरुवातीच्या वर्षांत 'हिला येत नाही' हा शिक्का बसतो, तो पोरीला कळतो.

ताईची खरी अडचण दुसरीच निघाली. जिजूंची तारापूर एमआयडीसीत शिफ्ट, आणि तिला स्वतःला नोकरी धरायचीय. मग प्रश्न शाळेचा नाही, मूल सांभाळायचा आहे. त्यासाठी पाळणाघर बघू. डिसेंबरात तीन पूर्ण झाले की अंगणवाडी आहेच, तीही फुकट. नर्सरी जून २०२६ला.

आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून. मास्तर पोराकडे बघून तारीख लिहायचे. आता जन्मदाखला आहे, तारीख बदलत नाही. पण पोरीकडे बघणं आपल्याच हातात आहे. दुपारी झोप लागते का? शू आली तर सांगते का? अनोळखी बाईंपाशी दोन तास राहते का?

तुमच्या घरी काय ठरलं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!