वैजिणीची मजुरी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी, अनुभव फार. तेव्हा मजुरीच्या हिशेबानेच बोलतो. मुंबईच्या गिरणीत राबणारी मसुऱ्याकडची बाई बाळंतपणाला गावी येई. तिच्या रजेसाठी व भत्त्यासाठी १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशासाठी झाला. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण अपरात्री कंदील घेऊन पाणंदीतून धावणारी, कळांत धीर देणारी, बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी वैजीण? तिला लुगडे, नारळ, तांदूळ. तिची रात्रपाळी कोणत्याच हजेरीपटावर नाही!

आज बाळंतपणे बहुधा दवाखान्यात होतात. हे चांगलेच, अडलेल्या बाईला लागणारे रक्त नि शस्त्रक्रिया वैजिणीच्या हाती नव्हती. पण गरोदर बाईला तिथवर नेणारी, २००५ च्या योजनेतली 'आशा' कागदोपत्री अजून स्वयंसेविकाच. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला, पगार नव्हे. नाव बदलले, हिशेब तोच.

भगिनींनो, ओटी भरून कृतज्ञता व्यक्त होते, मजुरी फिटत नाही. कौतुक करा, पण पगारपत्रकावर तिचे नाव येईपर्यंत थांबू नका.